मारहाणीच्या तारखा कोण लिहून ठेवते?

लग्न करून अमेरिकेत गेलेली बाई नवऱ्याच्या छळाला कंटाळून घराबाहेर पडते तेव्हा तिच्या देशात राहण्याचाही प्रश्न उभा राहतो. नवरा तिथला नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल, तर १९९४च्या कायद्यामुळे पत्नीला त्याच्या सहीशिवाय, त्याला न कळवता स्वतःचा अर्ज करता येतो. या कायद्याने मारहाणीबरोबर ‘अतीव क्रौर्य’ही धरले आहे, म्हणजे अंगाला हात न लावता केलेला छळसुद्धा. त्याचे वळ उठत नाहीत. म्हणून वकील अर्जासोबत बहुधा मानसशास्त्रज्ञाचा अहवाल जोडतात. तो सक्तीचा नाही, पण त्याला वजन असते.

एच-१बी नवऱ्यामागे एच-४ व्हिसावर गेलेल्या आपल्याकडच्या मुलींना हा मार्ग सहसा मिळत नाही. त्यांना गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या ‘यू’ व्हिसाकडे वळावे लागते. त्याला वर्षाला १० हजारांची मर्यादा आहे आणि रांग वर्षानुवर्षांची. अर्ज कोणताही असो, तपासणीच्या खोलीत तिला काय विचारले जाते आणि कसे, यावर बरेच अवलंबून असते.

पहिल्यांदा कधी मारले? नंतर किती वेळा? बाई गडबडते. मागच्या वेळी दिवाळी म्हणाली होती, आता गणपती म्हणते. ऐकणाऱ्याला वाटते, रचून सांगते आहे. पण भीतीच्या क्षणी मेंदू तारीख-वार नोंदवत नाही. कुकरची शिट्टी, दाराची कडी, त्याच्या तोंडाचा वास, हे मात्र लख्ख राहते. शिवाय डोके भिंतीवर आपटले असेल किंवा गळा दाबला असेल, तर विसरभोळेपणा, चक्कर, चिडचिड ही मेंदूच्या इजेची लक्षणेही असू शकतात. ती नुसत्या नैराश्याच्या खात्यात टाकून मोकळे होणे ही वैद्यकीय चूक आहे. अशा प्रत्येक बाईला डोक्याच्या माराबद्दल आणि गळा दाबण्याबद्दल वेगळे विचारलेच पाहिजे.

भाषेचा घोळ त्याहून मोठा. ‘गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का?’ या प्रश्नावलीतल्या प्रश्नाला ती ‘नाही’ म्हणेल. आणि लगेच सांगेल की छातीत धडधडते, डोके बधिर होते, घास गिळवत नाही. आकड्यांत तिचा आजार सौम्य ठरतो. ‘त्यांचा स्वभाव जरा तापट आहे’ या वाक्यात कधी कधी पाच वर्षांची मारहाण मावलेली असते, आणि ती हसत हसतही सांगितली जाते! दुभाषी म्हणून नणंद, दीर किंवा मंडळातल्या ओळखीच्या काकू बसल्या, तर उरलेलेही गिळले जाते. परका, प्रशिक्षित दुभाषी हवा आणि एका बैठकीत उरकण्याची घाई नको.

दुसरे टोकही घातक. आघाताचा विकार सापडला नाही, म्हणून छळ झालाच नाही असा अर्थ काढता येत नाही. काही बायका शांत झोपतात, नोकरी शोधतात, मुलांना शाळेत घालतात.

हरवलेल्या तारखा पुष्कळदा माहेरी सापडतात. मध्यरात्री आईला पाठवलेला आवाजी संदेश, बहिणीला पाठवलेला सुजलेल्या मनगटाचा फोटो. ‘झाकली मूठ’ म्हणून पुण्या-नाशिकातल्या घरांत हे संदेश पुसले जातात. ते पुसू नयेत. फोन बदलला तरी जपून ठेवावेत आणि वकिलाने मागितले की तारीख-वेळेसकट द्यावेत.