पार्थेनॉनचे शिसे आणि बालानोसचे लोखंड

प्राचीन वास्तूंविषयीच्या चित्रफितींत एक वाक्य हटकून असते : ‘ना चुना, ना सिमेंट, तरी अडीच हजार वर्षे उभी!’ मागे निळ्या आकाशात पार्थेनॉनचे खांब दिसतात आणि आपण भारावून जातो. वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. चुना नव्हता, पण जोड होते. ते दगडाच्या पोटात दडलेले असल्यामुळे कॅमेऱ्याला दिसत नाहीत, इतकेच. आजचा धागा त्या दडलेल्या वस्तूंविषयी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : इतिहासाच्या अभ्यासकाने मूर्ती आणि शिलालेख यांना जेवढा मान दिला, तेवढा या जोडांना कधीच दिला नाही, आणि त्याची किंमत वास्तूंनी मोजली आहे.

इ. स. पू. ४४७ मध्ये अथेन्सच्या अक्रोपोलिसवर पार्थेनॉनचे काम सुरू झाले. इक्तिनोस व कल्लिक्रातेस हे स्थपती, दगड पेंटेली डोंगरातला संगमरवर. एकाच थरातील शेजारचे दोन दगड आडव्या लोखंडी पट्टीने जखडलेले असत. तिची दोन्ही टोके रुंद, इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखी. वरच्या थराला खालच्या थराशी धरून ठेवण्यासाठी मात्र उभी खुंटी लागे. तिलाच डॉवेल म्हणतात. आपल्याकडचा सुतार चौकटीची कूस बसवल्यावर तीतून जी लाकडी खुंटी ठोकतो, तिचीच ही दगडातली बहीण. एक गोष्ट ध्यानात घ्या : खुंटी भार पेलत नाही. भार दगड दगडावरच टाकतो. खुंटीचे काम एवढेच, की भूकंपाचा हिसका बसला तर वरचा दगड जागेवरून सरकू नये.

लोखंडाचा दोष ग्रीकांना ठाऊक होता. ते गंजते, आणि गंजलेले लोखंड मूळच्या कितीतरी पट फुगते. बंद खाचेत ते फुगले की दगडाला फुटण्यावाचून गत्यंतर नसते. यावरचा उपाय शिसे. खाच लोखंडापेक्षा थोडी मोठी कोरायची, लोखंड आत ठेवायचे आणि भोवती वितळलेले शिसे ओतायचे. शिसे पाण्याला अडवते, आणि मऊ असल्यामुळे हिसका बसला तर थोडेसे दबते.

खांबांची गोष्ट याहून देखणी आहे. बाहेरचे ४६ खांब अखंड नाहीत. गोल पाषाणखंड एकावर एक रचून ते उभे केले आहेत. प्रत्येक सांध्याच्या मध्यभागी, वरच्या आणि खालच्या खंडात एकेक चौकोनी लाकडी ठोकळा बसवलेला असे, आणि दोहोंना छेदून जाणारी एक गोल लाकडी खुंटी. वरचा खंड नेमका केंद्रावर बसावा म्हणून ही योजना. सांध्याची कडेची पट्टी इतकी काटेकोर घासलेली, की आत हवा-पाणी शिरू नये. म्हणूनच आधुनिक काळात खांबांचे खंड उचलले गेले, तेव्हा आतले काही लाकूड शाबूत सापडले. संगमरवर झिजला, आणि त्याच्या पोटातले लाकूड टिकले!

१६८७ साली व्हेनिसच्या तोफेचा गोळा आत साठवलेल्या तुर्की दारूगोळ्यावर पडला आणि इमारतीचा मधला भाग उडाला. ही कथा तुम्ही वाचली असेलच, म्हणून पुढे जातो. माझ्या मते खरी शोकांतिका तिच्यानंतरची आहे, कारण तिच्यात शत्रू कोणी नाही.

१८९४ च्या भूकंपानंतर दुरुस्तीची निकड भासली. निकोलाओस बालानोस नावाच्या अभियंत्याने ते काम हाती घेतले आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत चालवले. त्याने पडलेले खांब उभे केले. आज जो उत्तरेकडचा स्तंभसमूह आपण छायाचित्रांत पाहतो, तो उभा राहिला तो त्याच्यामुळे. पण त्याने संगमरवरात भरमसाट लोखंड घातले आणि त्याला शिशाचे वेष्टन दिले नाही. काही दशकांत लोखंड फुगले आणि प्राचीन दगड आतून तडकू लागले. त्याला खलनायक ठरवणे सोपे आहे, मी ठरवणार नाही. त्याच्या काळी लोखंड हीच प्रगती होती. तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. उत्तराचा नमुना त्याच्या हातातल्या प्रत्येक दगडात होता. तो त्याने का वाचला नाही? मला वाटते, पूर्वजांच्या कलेचा आदर करणारे आपण त्यांच्या तंत्राला मात्र मागासलेले समजतो, त्यातलाच हा प्रकार.

१९७५ मध्ये अक्रोपोलिसच्या संवर्धनासाठी ग्रीसमध्ये विशेष समिती नेमली गेली. तिच्या कारागिरांनी बालानोसचे लोखंड काढून टायटॅनियम घातले. ते गंजत नाही, हा त्याचा एक गुण. दुसरा गुण हिशेबातला आहे : नव्या जोडाची ताकद मुद्दाम दगडापेक्षा कमी ठेवली जाते. मोठा धक्का बसलाच तर आधी जोड वाकावा, संगमरवर फुटू नये. ‘मजबुतीकरण’ या शब्दावर लुब्ध असणाऱ्या आपल्या मनाला हे पटायला जड जाते.

आणि त्या रिकाम्या खाचा? त्याही बोलतात. खालच्या दगडावरच्या खुंटीच्या खाचेवरून वरच्या दगडाचे टोक कुठे येत होते ते कळते. दोन दगडांच्या खाचा जुळल्या की ते शेजारी होते हे उमगते. विखुरलेल्या शेकडो दगडांची मूळ जागा संशोधकांनी अशाच मापांवरून शोधली. बालानोसने चुकीच्या जागी बसवलेले दगडही ओळखले गेले. बाराखडीच नसलेला हा शिलालेख आहे.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण घरचे आहे. सिन्नरच्या गोंदेश्वरासारखी चुन्याविना रचलेली यादवकालीन मंदिरे आपल्याकडेही आहेत. अशाच एका लहान, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या देवळापाशी गेल्या वर्षी गेलो होतो. आवारात पडलेल्या दगडांवर पूर्वी पाहिलेल्या खाचा शोधू लागलो, तर सुशोभीकरणात त्या सिमेंटने भरून गुळगुळीत केलेल्या. एका तडकलेल्या खांबातून लोखंडी सळई डोकावत होती, आणि तिच्या भोवतालचा दगड आताच तांबूस झाला होता. काम करणाऱ्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, आता पाणी साचत नाही.

तुमच्या गावच्या देवळाभोवती असे दगड अजून पडलेले असतील, तर पट्टी शेजारी ठेवून त्यांच्या खाचांची छायाचित्रे घ्या. वरची बाजू, खालची बाजू, दोन्ही. सिमेंटचे पोते पोहोचण्याआधी.