गिअर वाढले, गती किती वाढली?

समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि मुंबई ते नागपूर हा 701 किलोमीटरचा रस्ता सलग झाला. याच महामार्गाला जालन्याजवळ जोडणारा आणि परभणी जिल्ह्यातून नांदेडकडे जाणारा द्रुतगती मार्गही आखण्यात आला आहे. रस्ते बदलू लागले की मोटारींविषयीच्या अपेक्षाही बदलतात. क्लचच्या कटकटीतून सुटका करणारी स्वयंचलित मोटार ही एकेकाळी महानगरातील चैन होती. आता जिल्ह्याच्या ठिकाणचा ग्राहकही तिची चौकशी करतो आणि विक्रेता त्याला गिअरची संख्या ऐकवतो. सहापेक्षा सात चांगले, सातापेक्षा आठ आणि दहा असतील तर विचारायलाच नको! वेगाची हौस असणाऱ्यांच्या स्पोर्ट्स मोटारींबाबत तर हा समज अधिकच घट्ट आहे. या समजापोटी ग्राहक लाखो रुपये जादा मोजत असल्याने तो तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. परभणीपासून सुमारे 200 किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना आहे. तेथे जोडणी झालेली ‘ऑक्टाव्हिया आरएस’ 2017 मध्ये भारतीय बाजारात आली. ही अस्सल स्पोर्ट्स कार नव्हे. पण त्या जातकुळीतली सेडान निश्चितच. 230 अश्वशक्तीचे इंजिन आणि सहा गिअरची स्वयंचलित यंत्रणा असलेली ही मोटार 100 किलोमीटरचा वेग 6.8 सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा होता. 2020 मध्ये परदेशातून थेट आयात केलेली पुढची आवृत्ती आली. गिअर सात झाले, शक्ती 245 वर गेली आणि वेळ 6.6 सेकंदांवर आला. ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा आयात होऊन आलेल्या आवृत्तीत शक्ती 265 झाली, वेळ 6.4 सेकंदांवर उतरला. गिअर मात्र सातच राहिले. गिअर वाढला तेव्हा जेवढा वेळ वाचला, तेवढाच तो न वाढताही वाचला. वेग वाढवण्याचे श्रेय प्रामुख्याने इंजिनाकडे जाते, असाच याचा अर्थ.

गिअरचे गणित

मुळात गिअर लागतात कशासाठी? पेट्रोल इंजिन सर्वच फेऱ्यांवर सारखी शक्ती देत नाही. चाके सावकाश फिरोत वा वेगाने, इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांत ठेवणे हे गिअरचे काम. पहिला आणि शेवटचा गिअर यांतील अंतर जितके मोठे, तितका वेगाचा पल्ला मोठा; मधल्या पायऱ्या जितक्या जास्त, तितका प्रत्येक बदलाच्या वेळी फेऱ्यांत होणारा उतार कमी.

जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या सहा गिअरच्या पेटीत पहिल्या व शेवटच्या गिअरचे गुणोत्तर सुमारे सहापट होते. 2009 मध्ये आलेल्या आठ गिअरच्या पेटीत ते सातपट झाले. जनरल मोटर्सने 2017 च्या ‘कॅमेरो झेडएल वन’मध्ये बसवलेल्या दहा गिअरच्या पेटीत ते जेमतेम 7.4 पट आहे. म्हणजे सहावरून आठवर जाताना पल्ला चांगलाच वाढला. आठवरून दहावर जाताना मुख्यत्वे पायऱ्याच वाढल्या. मिनिटाला 6500 फेऱ्यांवर गिअर बदलला, तर सहा गिअरच्या पेटीत फेरे सरासरीने 4500 वर येतात, आठमध्ये 4900 वर आणि दहामध्ये 5200 वर.

हा फरक उपयोगाचा आहे की नाही, हे इंजिनावर ठरते. 2017 च्या ‘ऑक्टाव्हिया आरएस’चे टर्बो इंजिन 4700 ते 6200 फेऱ्यांपर्यंत जवळपास सारखीच शक्ती देत असे. गिअर बदलताना फेरे 6200 वरून 4700 वर घसरले तरी जोर कमी होत नसेल, तर ही घसरण 5000 वर रोखून मिळवायचे काय? याउलट टर्बोविना चालणाऱ्या आणि वरच्या फेऱ्यांतच फुलणाऱ्या इंजिनाला जवळजवळच्या पायऱ्या उपकारक ठरतात. लेक्ससने 2017 च्या ‘एलसी 500’ या पाच लिटरच्या मोटारीला दहा गिअर दिले, त्यामागचे तर्कशास्त्र यातून कळते.

पोर्शची ‘911’ ही तर स्पोर्ट्स मोटारींची मानबिंदू. तिच्या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित पेटीत 2008 मध्ये सात गिअर होते. 2019 पासून ते आठ झाले. तरीही ही मोटार कमाल वेग सहाव्या गिअरमध्येच गाठते. वरचे गिअर आहेत ते महामार्गावर इंजिनाचे फेरे उतरवून इंधन वाचवण्यासाठी व आवाज कमी ठेवण्यासाठी. जो गिअर वेगाचे प्रतीक म्हणून विकला जातो, तो प्रत्यक्षात काटकसरीचा गिअर आहे!

शेतकऱ्याला ठाऊक असलेले

परभणीच्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. त्याच्या ट्रॅक्टरला बहुधा आठ पुढचे आणि दोन मागचे गिअर असतात. अलीकडे बारा गिअरचे ट्रॅक्टरही मिळतात. रोटाव्हेटर चालवताना मागचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे फिरावा लागतो, म्हणून इंजिनाचे फेरे बांधलेले राहतात. काळ्या, चिकट जमिनीत ट्रॅक्टर किती सावकाश न्यायचा, हे मग केवळ गिअरवरच ठरते. तेथे प्रत्येक जादा पायरीला काम आहे. समृद्धीवर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा असताना स्पोर्ट्स मोटारीच्या दहाव्या गिअरला इंधन वाचवण्यापलीकडे कोणते काम उरते, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

संख्येआड दडलेले प्रश्न

संख्येच्या झगमगाटात महत्त्वाचे प्रश्न मागे पडतात. फोक्सवॅगन समूहाच्या दुहेरी क्लचच्या पेट्यांचेच पाहा. सहा गिअरची पेटी तेलात बुडालेल्या क्लचची होती आणि 350 न्यूटन मीटरचा जोर पेलत असे. नंतर आलेली सात गिअरची छोटी पेटी कोरड्या क्लचची. तिची क्षमता 250 न्यूटन मीटर. गिअर एकाने वाढला, ताकद घटली. डीएसजी पेट्यांतील दोषांमुळे कंपनीला 2013 मध्ये चीनमधून सुमारे 3 लाख 84 हजार मोटारी परत बोलवाव्या लागल्या. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा चाळिशी पार करतो. अशा उन्हात, रेल्वे फाटकापाशी वा बाजारपेठेत मुंगीच्या गतीने सरकताना कोरडा क्लच सतत घासला जाऊन तापतो. तेथे गिअर किती, यापेक्षा क्लच कोणता आणि तो थंड कसा राहतो, हे अधिक मोलाचे ठरते. शिवाय संगणकाच्या आज्ञेवर चालणारी ही पेटी कोपऱ्यावरच्या गॅरेजात उघडून दुरुस्त करण्याजोगी नसते.

अर्थात, वाढत्या गिअरना सरसकट मोडीत काढणेही अन्यायाचे होईल. झेडएफच्या आठ गिअरच्या पेटीने आधीच्या सहा गिअरच्या पेटीपेक्षा सुमारे सहा टक्के इंधन वाचवल्याचे कंपनी सांगते. ही प्रगती खरी आहे. पण ती नुसत्या आकड्याने साधलेली नाही. कोणत्याही गिअरमध्ये निरर्थक घासणारे भाग कमी करणाऱ्या रचनेचाही तीत मोठा वाटा आहे. पुढचे चित्र तर आणखी बोलके आहे. विजेवर धावणाऱ्या बहुतेक वेगवान मोटारींना एकच गिअर पुरतो. पोर्शच्या ‘टायकान’ला मागच्या चाकांसाठी दोन. मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर देत असल्याने पायऱ्यांची गरजच सरते.

गिअरची संख्या हे इंजिनाच्या मर्यादेवरचे उत्तर आहे, मोटारीच्या थोरवीचे माप नव्हे. सहावरून आठवर जाण्यात ग्राहकाच्या पदरात काही पडते. त्यापुढे प्रत्येक पायरीची किंमत वाढते आणि लाभ आक्रसत जातो. परभणीचा ग्राहक ट्रॅक्टर घेताना जमीन कोणती, अवजार कोणते आणि दुरुस्ती कुठे, हे आधी विचारतो. मोटारीच्या दालनात शिरतानाही त्याने हीच चोखंदळ वृत्ती सोबत न्यावी, यातच त्याचे हित आहे.