सहा वेळा नाव आलं, ऑस्कर एकदाही नाही! भेटा थेल्मा रिटरला

गेल्या रविवारी आईसोबत हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ बघत होते. पाय प्लॅस्टरमध्ये अडकलेला जेम्स स्ट्युअर्ट आणि नजर हटू न देणारी ग्रेस केली, असे दोन बडे स्टार समोर असताना आईने विचारलं, “ही मालिश करायला येणारी नर्स कोण गं? किती खरं बोलते!”

ती थेल्मा रिटर. “हिने पहिला पिक्चर केला तेव्हा ती ४५ वर्षांची होती,” असं मी सांगितलं, तर आईने पिक्चर थांबवायलाच लावला. “पंचेचाळीस?”

आईने मी झाल्यावर नोकरी सोडली. आता ती ४८ ची आहे. मागे एका बालवाडीत शिकवायला बोलावलं होतं, तर “आता या वयात कुठे” म्हणून तिने विषय संपवला. म्हणून म्हटलं, आज या सदरात थेल्माचीच गोष्ट सांगू या.

आधी संसार, मग सिनेमा

थेल्माचा जन्म १४ फेब्रुवारी १९०२ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये ती अभिनय शिकली, नाटकांत कामं केली. १९२७ मध्ये जोसेफ मोरनशी लग्न झालं. तोही नट होता, पुढे जाहिरात क्षेत्रात गेला. दोन मुलं झाली आणि थेल्मा रंगमंचापासून दूर झाली. १९४० च्या दशकात तिने पुन्हा काम सुरू केलं ते रेडिओवर.

१९४७ मध्ये ‘मिरॅकल ऑन थर्टी फोर्थ स्ट्रीट’ आला. नाताळची खरेदी करून दमलेली एक आई. तिच्या मुलाला सांताक्लॉजने खेळणं कबूल केलंय आणि ते तिला कुठेच मिळत नाहीये. सांता चक्क दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो आणि ती चकित होते. थेल्माची भूमिका एवढीच. श्रेयनामावलीत तिचं नावसुद्धा नव्हतं. पण दोन मिनिटांत तिने दाखवलेला तो थकवा आणि तो आनंद प्रेक्षकांना ओळखीचा वाटला. मग कामं येत गेली.

मोलकरीण, नर्स, टाय विकणारी

‘ऑल अबाउट ईव्ह’ (१९५०) मध्ये ती बेट डेव्हिसच्या घरी काम करणारी बर्डी झाली. गोड बोलून घरात शिरलेल्या ईव्हवर सगळे भाळतात, पण संशय सर्वांत आधी येतो तो बर्डीला. या भूमिकेसाठी तिला पहिलं ऑस्कर नामांकन मिळालं.

‘द मेटिंग सीझन’ (१९५१) तर आपल्याकडे घरोघरी आवडेल. हॅम्बर्गरचा छोटा धंदा बुडालेली आई मुलाच्या नव्या संसारात येते. सुनेला वाटतं, ही एजन्सीने पाठवलेली स्वयंपाकीण! सासूबाई गैरसमज दूर करत नाहीत, ॲप्रन बांधून कामाला लागतात. हसता हसता डोळे कधी भरतात कळत नाही.

माझी सर्वांत आवडती मात्र ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ (१९५३) मधली मो. रस्त्यावर टाय विकते आणि पोलिसांना पैसे घेऊन खबरा देते. सगळी बचत कशासाठी? बेवारस म्हणून पुरलं जाऊ नये, स्वतःची जागा आणि नीट अंत्यसंस्कार मिळावा म्हणून. एका रात्री मारेकरी तिच्या खोलीत येतो. त्याला हवा असलेला पत्ता दिला तर ती वाचेल. पैशांसाठी कुणाचीही खबर विकणारी मो त्या रात्री मात्र पत्ता देत नाही. थकलेल्या आवाजात, पलंगावर बसून ती मरणाला सामोरी जाते. हा प्रसंग बघाच.

ट्रॉफीचं काय?

१९५० ते १९५३ मधल्या चित्रपटांसाठी सलग चार वर्षं, मग ‘पिलो टॉक’ (१९५९) आणि ‘बर्डमॅन ऑफ अल्कॅट्राझ’ (१९६२) साठी, असं एकूण सहा वेळा तिचं नाव ऑस्करच्या यादीत आलं. सहाही वेळा ती रिकाम्या हाताने परतली. सहाय्यक अभिनेत्रीच्या विभागात सहापेक्षा जास्त नामांकनं आजवर कुणालाच मिळालेली नाहीत.

नाटकाने मात्र तिचं देणं फेडलं. १९५८ मध्ये ‘न्यू गर्ल इन टाउन’ या संगीत नाटकासाठी तिला टोनी पुरस्कार मिळाला, सहकलाकार ग्वेन व्हर्डनसोबत विभागून. आणि तो सहाय्यक नव्हे, तर मुख्य अभिनेत्रीचा! तेव्हा ती ५६ वर्षांची होती. ५ फेब्रुवारी १९६९ रोजी ती गेली.

मला वाटतं, घरात घालवलेली ती वर्षं वाया गेली नव्हती. दमलेली आई, मनातलं ओठांवर न आणणारी सासू, पैसा पैसा जोडणारी बाई यांना ती जवळून ओळखत असणार. म्हणून तर माझ्या आईला ती लगेच आपली वाटली.

आईने बालवाडीत अजून फोन केलेला नाही. पण काल रात्री भांडी आवरताना तिने स्वतःहून विचारलं, “त्या बाईचा तो सासूचा पिक्चर कधी बघायचा?”

या रविवारी तोच लावणार आहोत.