पॅसिव्ह, आर्टिकल आणि आपली मराठी

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी येत नाही, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती करणाऱ्यालाही तिचा कंटाळा यावा. महाराष्ट्रातील शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला आमच्यासमोर येऊन बसणारा विद्यार्थी बारा वर्षे ही भाषा शिकून आलेला असतो. तरीही 'हॅड बीन' असा शब्दसमूह समोर आला की तो मान खाली घालतो. मोठे वर्ग, अपुरी तयारी असलेले शिक्षक, घरी कानांवर न पडणारी भाषा, ही नेहमी सांगितली जाणारी कारणे खरीच आहेत. परंतु मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हां मंडळींना आणखी एक कारण जवळून दिसते आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. इंग्रजीतील जी रचना विद्यार्थ्याला गोंधळात टाकते, तिच्या जातीची रचना पुष्कळदा त्याच्या मराठीत असते आणि तो ती रोज बिनचूक वापरत असतो. हे त्याला कोणी सांगितलेले नसते. उलट जिथे दोन भाषांत साम्य नाही, तिथे मात्र दोहोंना एकच पारिभाषिक नाव देऊन साम्याचा आभास उभा केला जातो.

या दुसऱ्या प्रकारचे ठळक उदाहरण 'पॅसिव्ह व्हॉइस'चे. 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग' हे समीकरण शाळेपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. आता 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य घ्या. मराठी व्याकरणानुसार हा कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. विद्यार्थ्याने हे मराठीच्या तासाला नीट पाठ केलेले असते. पुढच्या तासाला इंग्रजीचे शिक्षक 'राम एट अ मँगो' हे वाक्य फळ्यावर लिहून ते 'ॲक्टिव्ह', म्हणजे कर्तरी, असल्याचे सांगतात. त्याच अर्थाचे वाक्य एका तासाला कर्मणी आणि दुसऱ्या तासाला कर्तरी कसे, असा प्रश्न ज्याला पडतो तो वर्गातला हुशार विद्यार्थी. त्याला उत्तर मिळत नाही आणि 'व्याकरण पाठच करायचे असते' असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो.

वास्तविक उत्तर कठीण नाही. मराठीतील 'प्रयोग' ही संज्ञा क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते एवढेच सांगते. इंग्रजीतील 'व्हॉइस' वाक्यात मुख्य आसनावर कोणाला बसवले, करणाऱ्याला की सोसणाऱ्याला, हे सांगतो. हे दोन निराळे प्रश्न आहेत. इंग्रजीला करणाऱ्याचे नाव घ्यायचे नसेल तर अवघे वाक्य उलटे फिरवावे लागते, कारण कर्त्याची जागा रिकामी ठेवणे त्या भाषेला परवडत नाही. मराठीला ते सहज परवडते. 'हा पूल साठ साली बांधला' एवढे म्हटले की काम झाले. कोणी बांधला हे सांगायचे नव्हते, सांगितले नाही. 'हा पूल साठ साली बांधला गेला' असे म्हणण्याची गरज मराठी माणसाला इंग्रजी शिकल्यानंतर भासू लागली, असे आमचे मत आहे. 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' हे वाक्य तर व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर कोणी उच्चारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. (वृत्तपत्रांत मात्र 'पोलिसांकडून आरोपीला अटक करण्यात आली आहे' हे वाक्य रोज छापून येते. 'पोलिसांनी आरोपीला अटक केली' यात कोणती उणीव होती, हे एकदा कोणीतरी समजावून सांगावे.)

हा घोटाळा नवा नाही आणि त्याला इतिहास आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्यासमोर नमुना होता तो लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरे यांच्या पिढीचे इंग्रजी व्याकरण स्वतः लॅटिनच्या मापाने बेतलेले होते. लॅटिनचा अंगरखा इंग्रजीने घातला आणि इंग्रजीचा जुना झालेला मराठीने, असे थोडे अतिशयोक्तीने म्हणता येईल. दादोबांचे ऋण त्यामुळे कमी होत नाही. मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिताना पूर्वसूरींची कसून झडती घेतली, हेही विसरता येणार नाही. पण शालेय व्याकरणात ती झडती पोहोचली नाही. तिथे आजही संज्ञांची जोडी लावण्यातच धन्यता मानली जाते.

काळांची गोष्ट पाहू. इंग्रजीत बारा काळ असतात, असे आपल्याकडे तक्ता लावून शिकवले जाते. क्रियापदाचे रूप बदलून काळ दाखवण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या भाषेत काळ दोनच. भविष्यासाठी स्वतंत्र रूप तिच्यात नाही, 'विल'सारख्या मदतनिसावर ती भागवते. केंब्रिजने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद्व्याकरणात इंग्रजीला भविष्यकाळच नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. 'जाईन, जाशील, जाईल' अशी अस्सल भविष्यकाळी रूपे बाळगणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हे ऐकवले तर तो प्रथम चकित होतो आणि मग, आमचा अनुभव असा की, किंचित सुखावतो.

त्याला खरा त्रास होतो तो भूतकाळाच्या रूपाने भूतकाळ दाखवला जात नाही तिथे. 'इट इज टाइम वी वेन्ट' या वाक्यात जायचे तर अजून आहे, मग 'वेन्ट' कशाला? 'आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग' असे म्हणणारा माणूस आत्ता समोर उभा राहून आत्ताच विचारत असतो, मग 'वॉन्टेड' का? शिक्षक सांगतात की इंग्रजीत असेच म्हणतात. पण हाच विद्यार्थी मधल्या सुट्टीत प्राध्यापक कक्षाच्या दारात येऊन काय म्हणतो? 'सर, जरा काम होतं.' काम संपलेले नसते, ते करून घ्यायलाच तो आलेला असतो. 'आहे' म्हटले तर मागणी अंगावर आल्यासारखी वाटेल, म्हणून तो क्रियापद एक पाऊल मागे नेतो. घरात आईने हाक मारली की तो 'आलोच' म्हणतो आणि जागचा हललेला नसतो. 'उद्या पाऊस पडला तर सामना होणार नाही' या वाक्यात 'उद्या' आणि 'पडला' शेजारी शेजारी सुखाने नांदतात. आणि वर दिलेल्या पहिल्या इंग्रजी वाक्याचे सरळ मराठी आहे 'आता आपण निघालेले बरे'. इथेही निघणे व्हायचेच आहे आणि रूप मात्र झालेल्या क्रियेचे आहे. भूतकाळाचे रूप हे केवळ घड्याळातील मागची वेळ दाखवत नाही, ते अंतर दाखवते. कधी काळाचे, कधी वास्तवापासूनचे, कधी आदराचे. ही समज त्याच्या जिभेवर आधीपासून आहे. तिच्याकडे बोट दाखवणे एवढेच काम शिक्षकाला उरते.

आता 'अ' आणि 'द'. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून मराठी माणूस तिथे चुकणारच, हे सर्वमान्य उत्तर. आर्टिकल नाही हे खरे. परंतु आर्टिकलने जे काम होते ते काम मराठीत होत नाही, हे खरे नाही. 'मांजर दारात बसले आहे' आणि 'दारात मांजर बसले आहे' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. पहिल्यातले मांजर बहुधा आपल्या ओळखीचे, घरातले, ज्याचा विषय चाललेला आहे असे. दुसऱ्यातले कोणाचे तरी, आत्ताच दिसलेले. इंग्रजी पहिल्याला 'द कॅट' म्हणेल, दुसऱ्याला 'अ कॅट'. मराठीने एकही शब्द वाढवला नाही, नुसती जागा बदलली. मराठीचा शब्दक्रम 'लवचीक' आहे असे आपण वर्गात सांगतो तेव्हा तो मोकाट आहे असा समज करून देतो. प्रत्यक्षात त्या लवचीकपणाला नेमून दिलेले काम आहे.

दुसरे साधन 'ला' प्रत्ययाचे. 'त्यांनी मुलगी पाहिली' आणि 'त्यांनी मुलीला पाहिले' यांतला फरक कोणत्याही मराठी घरात समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वाक्यात कांदेपोह्यांचा वास आहे. तिथे मुलगी म्हणजे एक स्थळ, त्यांनी पाहिलेल्यांपैकी कोणतीही. दुसऱ्यात ती विशिष्ट व्यक्ती आहे, रस्त्यात किंवा बसथांब्यावर दिसलेली, बोलणाऱ्याला माहीत असलेली. एका प्रत्ययाने नामाची ओळख पटवून दिली. अर्थात 'ला' म्हणजे 'द' असे नवे समीकरण आम्ही मांडत नाही. एक समीकरण मोडून दुसरे चिकटवण्यात अर्थ नाही. सांगायचे ते इतकेच की ऐकणाऱ्याला ही वस्तू आधी माहीत आहे की नाही, हा प्रश्न मराठी बोलणारा प्रत्येक वाक्यात स्वतःला विचारतच असतो. इंग्रजीत त्याला तोच प्रश्न विचारून उत्तर निराळ्या जागी लिहायचे असते. 'द'चे वीस नियम आणि त्यांचे तीस अपवाद पाठ करण्यापूर्वी हे कळले तर नियमांचे ओझे पुष्कळ हलके होईल. नद्यांच्या नावांपूर्वी 'द' का आणि बहुतेक शहरांच्या नावांपूर्वी का नाही, हे मात्र पाठच करावे लागेल. तिथे आमच्याजवळ कोणतेही औषध नाही.

हे सारे केवळ गुणपत्रिकेपुरते असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. 'होय' आणि 'नाही' यांचेच पाहा. मराठीत कोणी विचारले, 'तुम्हांला पैसे मिळाले नाहीत ना?' तर आपण म्हणतो, 'हो, नाही मिळाले.' आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतला 'येस' समोरच्याकडे पाहत नाही. तो आपल्या स्वतःच्या विधानाशी बांधलेला असतो, आणि विधान नकारार्थी असेल तर उत्तर 'नो' असावे लागते. आता परप्रांतातील रुग्णालयात डॉक्टर इंग्रजीतून विचारतात, 'तुम्हांला कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही ना?' आणि आपला मुलगा नम्रपणे 'येस' म्हणतो. मुलाखतीत विचारले जाते, 'मूळ प्रमाणपत्रे आणली नाहीत?' तो 'येस सर' म्हणतो आणि समोरचे हात पुढे करतात. या मुलाला इंग्रजी येत नाही असे म्हणता येणार नाही. शब्द बरोबर, उच्चार बरोबर, वाक्यही त्याला समजले आहे. त्याने इंग्रजी शब्दाने मराठी उत्तर दिले, एवढेच. हा फरक त्याला सांगायला जेमतेम पाच मिनिटे लागतात. बारा वर्षांत ती पाच मिनिटे बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत.

इंग्रजीकडेही दोष जातो, हे सांगितले पाहिजे. तिच्या काही नियमांना भाषेचा आधार नाही, व्याकरणकारांच्या आवडीनिवडीचा आहे. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी ठेवणे गंभीर लेखनाला शोभत नाही, हा विचार रूढ होण्यात रॉबर्ट लोथ या धर्मगुरूच्या १७६२ च्या व्याकरणाचा मोठा वाटा आहे. इंग्रज माणूस बोलताना ते शेवटी ठेवत आला आणि आजही ठेवतो. आमचा विद्यार्थी मात्र त्यासाठी लाल खूण सोसतो.

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, वर्गात मराठीचा शब्दही नको, असे मानणारे आमचे अनेक सहकारी आहेत. बोलण्याचा सराव करून घेताना त्यांचे म्हणणे योग्यच आहे. पोहणे काठावर बसून येत नाही. परंतु रचना समजावून देताना मराठी बाहेर ठेवली तरी ती विद्यार्थ्याच्या डोक्यात बसलेलीच असते आणि न विचारता काम करत राहते. तिला पुढे बोलावून तिच्याशी उघड बोलावे, असे आम्हांला वाटते. जुन्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. त्या पद्धतीतले पाठांतर आज नको, पण दोन भाषा एका पानावर समोरासमोर बसवण्याची तिच्यातली रीत टाकून देण्याजोगी नव्हती. हे काम एकट्या इंग्रजी विभागाचेही नाही. मराठीच्या पदव्युत्तर वर्गाला भाषाविज्ञान असते, त्यात स्वनिम-रूपिमांच्या व्याख्या असतात. पण शेजारच्या वर्गात रोज घडणाऱ्या या टकरीचा तिथे उल्लेखही नसतो.

आम्ही मराठीच्या तासाला अधूनमधून एक प्रयोग करतो. 'बोलून बसलो', 'सांगून टाकले', 'जेवून घे', 'करून ठेव' अशा जोडक्रियापदांचे इंग्रजी करायला सांगतो. 'जेवून घे'मध्ये काही घ्यायचे नसते आणि 'सांगून टाकले'मध्ये काही टाकलेले नसते, हे लक्षात येताच 'गिव्ह अप'मध्ये वर काय आहे आणि 'पुट ऑफ'मध्ये काय ठेवले, हे प्रश्न आपोआप निवळतात. 'बोलून बसलो'पाशी मात्र वर्ग अडतो. बोललो, ते बोलायला नको होते, आता परत घेता येत नाही, हे सारे त्या 'बसलो'मध्ये आहे. कोणी 'आय शुडन्ट हॅव सेड इट' सुचवतो, कोणी 'इट स्लिप्ड आउट'. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते की पहिल्यात पश्चात्ताप आहे पण अवचितपणा नाही, दुसऱ्यात अवचितपणा आहे पण पश्चात्ताप नाही. 'शुडन्ट हॅव' ही रचना एरवी ज्यांना तीन वर्षांत उमगत नाही, ते त्या दिवशी तिच्यावरून भांडत वर्गाबाहेर पडतात.