आठ महिन्यांचा अध्यक्ष आणि माफीचा कायदा

पेरूच्या तत्कालीन अध्यक्षा दिना बोलुआर्ते यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये एका वादग्रस्त कायद्यावर शिक्कामोर्तब केले. १९८० ते २००० या काळातील दहशतवादविरोधी मोहिमांत मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप असलेल्या लष्करी व पोलिस कर्मचाऱ्यांना या कायद्याने माफी देऊ केली. दोनच महिन्यांत संसदेने बोलुआर्ते यांना पदच्युत केले. मात्र त्यांनी जे दार लोटले, ते चोवीस वर्षांपूर्वी एका हंगामी अध्यक्षाने उघडले होते. त्यांचे नाव व्हॅलेंटिन पानियाग्वा.

पानियाग्वा हे मूळचे घटनातज्ज्ञ. १९३६ मध्ये कुस्को येथे जन्मलेल्या या विद्वानाने लिमातील विद्यापीठांत घटनात्मक कायदा शिकविला. वयाची तिशी गाठण्याआधीच ते बेलौंदे यांच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री झाले आणि ऐंशीच्या दशकात कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्षही होते. असे असूनही सन २००० मध्ये देशाच्या सर्वोच्च पदासाठी त्यांचे नाव कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते. १२० सदस्यांच्या संसदेत त्यांच्या पक्षाचे अवघे तीन प्रतिनिधी होते.

त्या वर्षी अल्बर्टो फुजिमोरी तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले होते. सप्टेंबरात एक चित्रफीत प्रसारित झाली. गुप्तचर यंत्रणेचे सर्वेसर्वा व्लादिमिरो मॉन्तेसिनोस एका विरोधी खासदाराला रोख रक्कम मोजून देत असल्याचे साऱ्या देशाने पाहिले. नोव्हेंबरात फुजिमोरी यांनी टोकियो गाठले आणि राजीनामा फॅक्सने धाडला. संसदेने तो स्वीकारलाच नाही. 'कायमस्वरूपी नैतिक असमर्थता' हे कारण देऊन ६२ मतांनी त्यांना बडतर्फ करण्यात आले. उपाध्यक्ष राजीनामे देऊन मोकळे झाल्याने घटनेनुसार सूत्रे संसदेच्या अध्यक्षाकडे आली, आणि त्या पदावर पाचच दिवसांपूर्वी पानियाग्वा यांची निवड झाली होती. पक्ष एवढा लहान की त्यांच्यापासून कोणालाच धोका वाटत नव्हता. हेच त्यांचे भांडवल ठरले. २२ नोव्हेंबर रोजी त्यांनी शपथ घेतली. पंतप्रधानपदी त्यांनी संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस पेरेझ द क्वेलार यांना आणले. १९९५ मध्ये फुजिमोरी यांच्याकडून पराभूत झालेले उमेदवार ते हेच.

जनतेने अध्यक्ष म्हणून न निवडलेल्या सरकारने कशाला हात घालावा? नेपाळमध्ये २०२५ साली माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्याकडे सूत्रे आली, तेव्हाही हा प्रश्न उभा राहिला होता. पानियाग्वा यांनी राज्यघटनेला हात लावला नाही. सुधारणांचा अभ्यास करण्यासाठी केवळ एक समिती नेमली. या संयमाची किंमतही देशाने मोजली. नैतिक असमर्थतेचे तेच मोघम कलम पुढे २०२०, २०२२ आणि २०२५ मध्ये तीन अध्यक्षांना घरी पाठविण्यासाठी वापरले गेले. घटनेच्या प्राध्यापकाला त्यातील धोका दिसत नसेल, असे मानणे कठीण.

एका बाबतीत मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. ३ नोव्हेंबर १९९१ रोजी लिमाच्या बारिओस आल्तोस वस्तीत लष्कराच्या गुप्त पथकाने एका आठ वर्षांच्या मुलासह १५ जणांना ठार केले होते. चौकशीची पावले गुन्हेगारांपर्यंत पोहोचू लागताच १९९५ मध्ये माफीचा कायदा संमत झाला. पुढे १९९९ मध्ये फुजिमोरी यांनी आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाचे अधिकारक्षेत्रच नाकारले. पानियाग्वा सरकारने २००१ च्या प्रारंभी ते पुन्हा मान्य केले. एवढेच नव्हे, तर बारिओस आल्तोस खटल्यात बचाव न मांडता शासनाची जबाबदारी कबूल केली. सरकारे सहसा असे करीत नाहीत. १४ मार्च २००१ च्या निकालाने पेरूचे माफीचे कायदे निष्प्रभ ठरले. याच हत्याकांडासह अन्य गुन्ह्यांसाठी २००९ मध्ये फुजिमोरी यांना २५ वर्षांची शिक्षा झाली.

जून २००१ मध्ये त्यांनी सत्यशोधन आयोग नेमला. आयोगाने २००३ मध्ये बळींची संख्या सुमारे ६९ हजार असल्याचा अंदाज दिला. त्यांतील सर्वाधिक हत्यांचा ठपका त्याने 'शायनिंग पाथ' या माओवादी संघटनेवर ठेवला होता. अहवाल लष्कराच्या बदनामीसाठीच लिहिला गेला, असे म्हणणाऱ्यांना याचा सोयीस्कर विसर पडतो.

निवडणुका पार पडल्या आणि २८ जुलै २००१ रोजी पानियाग्वा यांनी अलेहांद्रो टोलेडो यांच्याकडे सूत्रे सोपविली. २००६ मध्ये ते स्वतः अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा मतदारांनी त्यांना पाचव्या स्थानावर ठेवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले.

२०२५ चे माफी विधेयक रोखण्याची सूचना आंतर-अमेरिकी न्यायालयाने केली होती. बोलुआर्ते सरकारने ती सार्वभौमत्वावरील आक्रमण ठरवून धुडकावली. न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मात्र पेरूने तेव्हा सोडलेले नव्हते. त्यामुळे नव्या कायद्याच्या आधारे सुटका मागणारा आरोपी न्यायाधीशापुढे उभा राहतो, तेव्हा मार्च २००१ चा निकालही त्याच मेजावर असतो.