बाळंतपणानंतर पाहू!

बँकेच्या नोकरीत कर्जदारांच्या तोंडून एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो : "साहेब, एवढा हंगाम जाऊ द्या, मग हप्ता भरतो." हंगाम जाई, हप्ता तसाच राही आणि व्याज मात्र वाढे. सेवानिवृत्तीनंतर त्याच वळणाचे दुसरे वाक्य आपल्या घराघरांतून कानी पडते. सून किंवा माहेरी आलेली लेक गर्भवती असते, तिच्या हिरड्यांतून रक्त येत असते किंवा दाढ ठणकत असते, आणि घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "एवढे बाळंतपण सुखरूप होऊ द्या, मग दाताचे पाहू." यामागे मायाच असते. औषधाने, इंजेक्शनने किंवा एक्स-रेने बाळाला काही होईल ही भीती असते. परंतु दंतवैद्य आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांचेही आजचे मत याच्या उलट आहे. गर्भारपणात दातांचे आवश्यक उपचार करून घेणे सुरक्षित आहे. दाताचा जंतुसंसर्ग तसाच वाढू देणे मात्र सुरक्षित नाही. मी वैद्य नव्हे; परंतु जाणकारांकडून समजून घेतलेला हा विषय आपल्या कुटुंबांपर्यंत पोहोचावा, म्हणून या महिन्याचे हे पान त्यासाठी ठेवले आहे.

प्रथम हिरड्यांविषयी. गर्भारपणात शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण वाढते. त्यामुळे हिरड्यांकडे रक्ताचा पुरवठा अधिक होतो आणि दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थराला हिरड्या नेहमीपेक्षा तीव्र प्रतिसाद देतात. त्या लाल होतात, सुजतात आणि ब्रश लागताच रक्त येते. निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो. तो साधारणतः दुसऱ्या महिन्यापासून जाणवू लागतो आणि आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असतो. रक्त दिसले की पुष्कळ जणी घाबरून ब्रश करणेच सोडतात आणि तेथेच दुखणे वाढते. थर साचत जातो, त्याचे कीटण होते आणि हिरडी आणखी सुजते. रक्त येत असले तरी मऊ ब्रशने, हलक्या हाताने, दिवसातून दोन वेळा दात स्वच्छ करणे हाच यावरचा पहिला उपाय आहे. काही जणींच्या हिरडीवर लालसर गाठ येते. ती बहुधा निरुपद्रवी असते व प्रसूतीनंतर आपोआप ओसरते. तथापि ती दंतवैद्यांना दाखवून घ्यावी.

दुसरा गैरसमज कॅल्शियमचा. "बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, म्हणून बाळंतपणात दात जायचेच," असे अनेक घरांत मानले जाते. हे खरे नाही. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून येते. तेथे उणीव पडली तर तिच्या हाडांतून घेतले जाते, दातांतून नव्हे. दूध, दही, नाचणी, तीळ, राजगिरा आहारात हवेतच आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही नियमित घ्याव्यात. मात्र त्या लोहाच्या गोळीसोबत एकाच वेळी घेऊ नयेत. दोहोंत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. या गोळ्यांनी हाडांचे रक्षण होते. दातांवरचा थर त्या काढत नाहीत. दात किडतात ते जंतू, साखर आणि आम्ल यांच्यामुळे, आणि या काळात तिन्हींना वाव मिळतो.

आम्ल येते ते प्रामुख्याने उलट्यांमधून. पोटातील आम्ल तोंडात आले की दाताचे कठीण आवरण काही काळ मऊ पडते. अशा वेळी तत्काळ ब्रश केला तर ते आवरण झिजते. म्हणून उलटी झाल्यावर पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्याने चूळ भरावी. तो नसेल तर साध्या पाण्याने भरावी. ब्रश अर्ध्या ते एका तासाने करावा. पेस्टच्या वासानेच मळमळत असेल तर सौम्य चवीची पेस्ट घ्यावी आणि लहान मुलांचा छोटा ब्रश वापरावा.

डोहाळ्यांचे कौतुक अवश्य करावे. मात्र चिंच, कैरी किंवा पेढे दिवसभर थोडेथोडे तोंडात राहिले तर दातांना सावरण्यास उसंत मिळत नाही. गोड किंवा आंबट पदार्थ शक्यतो जेवणासोबत द्यावा आणि नंतर चूळ भरावी. बाळंतपणानंतरच्या डिंकाच्या व अळिवाच्या लाडवांनाही हाच नियम लावावा.

आपल्या घरांतील दिनक्रमाचा येथे थेट संबंध येतो. रात्री लाळ कमी सुटते, म्हणून रात्रभर दात स्वच्छ राहणे महत्त्वाचे असते. चौविहार पाळणाऱ्या भगिनींनी सायंकाळच्या जेवणानंतर आणि सूर्यास्तापूर्वी ब्रशसाठी पाच मिनिटे राखून ठेवावीत. त्यानंतर तोंडात अन्न जाणार नसल्यामुळे या नियमाचा दातांना लाभच होतो. नवकारशी पाळणाऱ्या गर्भवतीला पहाटे उलटी झाली, तर चूळ भरण्यासाठी सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे तिने ताटकळत काढू नयेत; घरातील ज्येष्ठांनी तिला ही मोकळीक आधीच द्यावी, तिला ती मागावी लागू नये. पेस्ट घेताना खोक्यावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह शोधणाऱ्यांनी त्याच खोक्यावर फ्लोराइडचा उल्लेख आहे की नाही, तेही पाहावे.

आता उपचारांविषयी. गर्भधारणा समजताच, किंबहुना अपत्याचा विचार सुरू होताच, एकदा दंततपासणी करून घ्यावी. कीटण काढणे, दाढ भरणे अशा कामांसाठी चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा; तेव्हा मळमळ ओसरलेली असते आणि पोटाचा भारही फार नसतो. मात्र तीव्र वेदना, सूज किंवा पू असेल तर महिना मोजत बसू नये. कोणत्याही महिन्यात उपचार घ्यावेत. दंतवैद्यांकडे जाताच गर्भारपणाचा महिना सांगावा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची फाइल सोबत न्यावी. आवश्यक असल्यास दाताचा एक्स-रे काढता येतो. त्याचे किरण अत्यल्प असतात व पोटाच्या दिशेने नसतात. बधिर करण्यासाठी सर्रास वापरले जाणारे लिडोकेनचे इंजेक्शनही चालते. पुढील महिन्यांत खुर्चीत पूर्ण उताणे न निजता उजव्या कुशीखाली उशी घेऊन थोडे डावीकडे कलावे, म्हणजे चक्कर येत नाही. औषधे मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. घरच्या डब्यातली आयब्रुफेनसारखी वेदनाशामक गोळी या काळात योग्य नव्हे. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांमुळे बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात.

आमच्या परिचयातील एका व्यापारी कुटुंबातील सुनेची दाढ चौथ्या महिन्यात दुखू लागली. घरात लवंग-तेलाचा बोळा आणि "नंतर पाहू" एवढ्यावर काम भागले. आठव्या महिन्यात एका रात्री गाल सुजला, ताप चढला आणि तोंड उघडेनासे झाले. दोन डॉक्टरांना एकत्र येऊन घाईने पू काढावा लागला. माय-लेकरू सुखरूप आहेत. परंतु एका बैठकीचे काम रुग्णालयातील चार दिवसांवर गेले आणि त्या मुलीने चार महिने मुकाट्याने सोसले, ते वेगळेच.

हिरड्यांच्या रोगामुळे बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मते, असेही वाचनात येते. या दोहोंचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. तथापि अमेरिकेत ८२३ गर्भवती स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भारपणात हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत. मात्र हिरड्या सुधारल्या आणि उपचार सुरक्षित ठरले. तेव्हा भीती दाखवून कोणी महागडे उपचार सुचवीत असेल तर सावध असावे. आईचे दात आणि तिची वेदना एवढे कारण उपचारांसाठी पुरेसे आहे.

जाता जाता आपल्या घरी कामाला येणाऱ्या भगिनींसाठी एक सूचना. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. मुंबईतील गर्भवती स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. त्यांना हे कोणीतरी आपुलकीने सांगितले पाहिजे.

बाळ जन्मल्यावरही हा विषय संपत नाही. दात किडवणारे जंतू आईच्या, आजीच्या लाळेतून बाळाच्या तोंडात जातात. म्हणून आपण चाखलेला चमचा बाळाच्या तोंडी देऊ नये आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत त्याचीही एक दंततपासणी व्हावी.

या साऱ्यात बहुधा सुनेला स्वतःहून बोलणे जड जाते. पती पेढीवर, घरात पाहुण्यांची वर्दळ. आपल्या दाढेचे रडगाणे कोठे सांगावे, असे तिला वाटते. म्हणून विचारण्याची जबाबदारी सासूबाईंनी व पतीने घ्यावी. यापुढे घरात ओटीभरणाचा किंवा डोहाळजेवणाचा मुहूर्त ठरेल, तेव्हा त्याच दिनदर्शिकेत चौथ्या महिन्यातील एक तारीख दंतवैद्यांसाठी लिहून ठेवावी आणि त्या दिवशी तिच्यासोबत घरातील कोणीतरी जावे.