केंद्रातलं ताट, घरातलं ताट

नवरा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला की शेजारणी म्हणतात, ‘‘चला, सुटलात एकदाच्या!’’ पण घरातल्या बाईपुढे त्याच दिवशी दोन प्रश्न उभे राहतात. तिकडे त्यांच्या जेवणाचं काय? आणि रोजची मजुरी बंद झाल्यावर इकडे मुलांच्या ताटात काय वाढायचं?

आधी केंद्रातलं ताट पाहू. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याची भूक मेलेली असते. जे थोडंफार खाल्लं जातं, तेही अंगी लागत नाही. शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, फार कमी झालं तर तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते आणि स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते. म्हणूनच डॉक्टर सुरुवातीलाच हे जीवनसत्त्व देतात. पुढे भूक परतते, तेव्हा डाळ, दूध, अंडी, भाज्या असा साधा आहार वेळेवर मिळणं हा उपचाराचाच भाग असतो.

याचा खर्च कोण करतं? केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था अनेक व्यसनमुक्ती केंद्रं चालवतात. त्या अनुदानात जेवणाचा खर्चही धरलेला असतो. आपल्या जवळ असं केंद्र कुठे आहे, हे १४४४६ या टोल-फ्री क्रमांकावर विचारता येतं. खासगी केंद्रात मात्र पैसे भरण्यापूर्वी ‘जेवण यात धरलं आहे का?’ हे स्पष्ट विचारून घ्या.

आता घरातलं ताट. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार, घरातली अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री हीच शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानली जाते. त्यामुळे नवरा घरी नाही म्हणून रेशन अडण्याचं कारण नाही. कार्डावर नाव असलेली आणि आधार जोडलेली कोणतीही व्यक्ती अंगठा लावून धान्य आणू शकते. या कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबांना दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कुटुंब गाव सोडून सुरत, इंदूर किंवा हैदराबादला राहत असेल, तरी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे तिथल्या रेशन दुकानातून ते घेता येतं. फक्त आपलं नाव कार्डावर आहे ना आणि आधार जोडलेलं आहे ना, हे आधीच तपासून ठेवा.

राहिले आपण, बाहेरचे. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ साली सुरू झालं, ते पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारावर. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण वाढदिवसाला किंवा आईवडिलांच्या श्राद्धाला अन्नदान करावं, असं अनेकांच्या मनात असतं. एकाच दिवशी जिलबी-बासुंदी पाठवण्यापेक्षा केंद्राच्या स्वयंपाकघरात आधी विचारा. त्यांना बहुधा तूरडाळ, तेल, अंडी, दूध यांचीच गरज असेल. शिजवलेलं अन्न तर विचारल्याशिवाय नेऊच नका. तिथे कुणाला मधुमेह असतो, कुणाचं यकृत खराब झालेलं असतं.

आणि समुपदेशकाला आणखी एक विचारा : ‘‘इथल्या कुणाच्या घरी किराण्याची अडचण आहे का?’’ ते नाव सांगणार नाहीत, सांगूही नये. पण पिशवी पोहोचवण्याची व्यवस्था करू शकतील. मुलं उपाशी असल्याचं कळलं, तर उपचार अर्धवट टाकून घरी पळणारा बाप थांबवणं कठीण असतं. घरची चूल पेटती राहिली, तर तो तिथे निश्चिंतपणे राहू शकतो.